चौथा भोंगा

भोपळीची दुपारची झोप मोजून पाऊण तासाची, आणि त्या पाऊण तासावर तिची आई एक अख्खी मोटारसायकल उभी करत होती.

"खेळण्यातली?" असं कुणी विचारलं की ती आपला उजवा हात कोपरापासून मुठीपर्यंत पुढे धरायची. एवढी लांब. खऱ्या गाडीचा सहावा हिस्सा. चाकातली प्रत्येक तार वेगळी ओवायची, साखळीची प्रत्येक कडी वेगळी जोडायची, ब्रेकची केबल खऱ्या गाडीत जिथून जाते तिथूनच न्यायची. किटच्या खोक्यातून येतात ते नुसते सहाशे-सातशे प्लास्टिकचे तुकडे. लोक कागदावर दाखवल्याप्रमाणे ते जोडतात, रंगवतात आणि कपाटावर ठेवून देतात. हिचं तेवढ्यावर भागत नसे. सीट गुळगुळीत असली की हिला ती बसून बसून दबलेली हवी. सायलेन्सर चकचकीत असला की हिला तो तापून निळसर पडलेला हवा.

"नवी गाडी काय, कुणीही करेल," ती म्हणायची. "वापरलेली करून दाखवा."

"मग जुनीच विकत घ्यायची," सासूबाई म्हणायच्या. "तेवढीच मेहनत वाचेल."

भोपळी म्हणजे तिची अकरा महिन्यांची मुलगी. नाव चांगलं भारदस्त ठेवलं होतं, पण गाल बघून सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात भोपळी म्हटलं आणि तेच चिकटलं. भोपळीच्या आधी वर्षाला तीन गाड्या हातावेगळ्या व्हायच्या. भोपळीनंतरची ही पहिलीच, आणि तिलाही सात महिने लागले होते. रविवारी किट करणाऱ्यांचं प्रदर्शन होतं. आज बुधवार. इंजिन बसलं होतं, टाकी रंगवून झाली होती, कार्बुरेटर राहिले होते.

टेबल होतं स्वयंपाकघरामागच्या चिंचोळ्या खोलीत. पूर्वी तिथे कपड्यांना इस्त्री व्हायची. त्या टेबलावरून नवरा-बायकोत महिनाभर धुसफूस चालली होती. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याचं म्हणणं एकच: रांगतं पोर आणि सहाशे तुकडे एका घरात नांदायचे नाहीत.

"प्रदर्शन झालं की आवर हे. शाळेत जायला लागली की पुन्हा मांड."

"म्हणजे तीन वर्षांनी."

"तीन वर्षं म्हणजे काय गं? आमच्या लिफ्टा पाच-पाच वर्षं बंद पडून असतात, नंतर चालतातच की."

"चालतात, आणि मग आत माणसं अडकतात."

तो हसला होता, पण विषय सोडला नव्हता. ती दर वेळी खोलीबाहेर पडताना दाराची कडी लावायची, आणि लावली की नाही हे बघायला पुन्हा एकदा मागे यायची. बाळ पोटात असल्यापासून तिचा जीव असाच होता, एका जागी न ठरणारा. टेबलाशी बसली की कान पाळण्याकडे, आणि पाळण्याशी बसली की बोटं टेबलाकडे.

या गाडीला चार कार्बुरेटर होते आणि प्रत्येकाच्या तोंडाला एकेक भोंगा. भोंगा हे तिने ठेवलेलं नाव. इंजिनात हवा ओढून घेणारी ती छोटी पोकळ नळी असते, एका टोकाला धोतऱ्याच्या फुलासारखी पसरलेली. आकाराने वाटाण्याहूनही बारीक. किटमधले भोंगे प्लास्टिकचे होते आणि त्यांच्यावर स्वस्त आरशासारखी चमक होती. ती बघूनच तिचं डोकं उठलं. तिने पितळेचे चार भोंगे मागवले, लेथवर कोरलेले, वरून निकेलचा मुलामा दिलेले. आले चार, पण एकाचा ओठ चेपलेला. बदलून यायला दीड महिना लागणार होता.

मग तिने किटमधलाच एक प्लास्टिकचा भोंगा उचलला. त्याची चमक औषधात बुडवून उतरवली. प्लास्टिक ओळखू येतं ते जाडीवरून, म्हणून त्याचा ओठ आतून घासत घासत कागदासारखा पातळ केला. त्यावर काळा चकचकीत रंग दिला आणि काळ्यावर धातूची पूड बोटाने चोळली. तीन दुपारी त्यात गेल्या. शेवटी चारही भोंगे दुतोंडी चिकटपट्टीवर एका रांगेत उभे केले आणि नवऱ्याला हाक मारली.

"ओळख, यातला खोटा कुठला?"

त्याने चष्मा कपाळावर चढवला, वाकून बघितलं, आणि बोट ठेवलं ते पितळेच्या भोंग्यावर. सासूबाईंनी दुसरा दाखवला. तोही पितळेचाच. ती दोन दिवस हवेत होती. गंमत म्हणून तिने चारही भोंगे पुन्हा मिसळून लावले आणि स्वतःलाच विचारलं, कुठला? लावताना हाताला कळलं असणार, पण हात बोलत नाहीत. डोळ्यांना काही सांगता आलं नाही. आपलं काम आपल्यालाच ओळखू येऊ नये, याहून मोठी शाबासकी कोणती?

तर बुधवारी, सव्वा वाजता, दाराची घंटा वाजली.

पार्सलवाला होता. सासूबाई वर गच्चीत कपडे वाळत घालत होत्या. ती धावली, कारण दुसऱ्यांदा घंटा वाजली असती तर भोपळी उठली असती. कडी ओढली, पण ती खाचेत बसली नाही, आणि या वेळी ती बघायला मागे आली नाही. सहीसाठी दिलेलं पेन उठेना. पार्सलवाला म्हणाला, "झटका, ताई, झटका, मग उठतं." तिने झटकलं. सगळं मिळून दोन मिनिटं.

भोपळी पहिल्याच घंटेला जागी झाली होती, आणि उकाड्यामुळे आज ती पाळण्यात नव्हती, खाली सतरंजीवर झोपली होती.

ती परत आली तेव्हा भोपळी टेबलाखाली बसलेली होती. तोंड लालबुंद, डोळ्यांत पाणी, आणि खोकला येत होता म्हाताऱ्या माणसासारखा, खोल. दोन उबळी, तिसरी, एक लांब श्वास. मग आईला बघून ती दोन दातांचं हसू हसली. हातात टेबलाच्या कडेवरून ओढलेली चिकटपट्टी होती. पट्टीवर तीन भोंगे होते.

 तिने भोपळीच्या तोंडात बोट फिरवलं, गालात, जिभेखाली, टाळूला. काही नाही. पालथी धरून पाठीवर थोपटलं. काही नाही. भोपळीला खेळ वाटला. ती खिदळली.

"आई!" ती ओरडली. "आई, खाली या!"

सासूबाई ओल्या हातांनीच खाली आल्या. काय झालं ते दोन वाक्यांत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आधी जमीन बघू. घाबरायला नंतर वेळ आहे."

किट करणाऱ्यांच्या घरातली जमीन तुकडे गिळते, हे त्या छंदातल्या प्रत्येकाला माहीत असतं. चिमट्यातून उडालेला तुकडा समोर पडतो आणि मागे सापडतो, नाहीतर सापडतच नाही. त्यावर तिचा उपाय ठरलेला होता. धूळ ओढणाऱ्या मशीनच्या नळीला पातळ मोजा बांधायचा, म्हणजे तुकडा आत न जाता मोज्यावर अडकतो. तिने मोजा बांधला. सासूबाई बॅटरी घेऊन गुडघ्यांवर बसल्या. दहा मिनिटांत मोज्यावर एक स्प्रिंग आली, एका आरशाची दांडी आली, आणि दोन वर्षांपूर्वीच्या मालट्रकच्या चाकाचे तीन नट आले.

"शोधत राहिलो तर अख्खा ट्रक निघेल इथून," सासूबाई म्हणाल्या. पण आवाजात हसू नव्हतं.

भोंगा नव्हता.

इस्पितळात नवरा आधीच पोचला होता. अर्धी उघडलेली लिफ्ट तशीच सोडून आला होता, हातांना कोपरापर्यंत ग्रीस. मुलांचे डॉक्टर तरुण होते आणि घाईत होते, पण वाईट नव्हते. त्यांनी विचारलं, "वस्तू कसली? प्लास्टिक, धातू, काच?"

"पितळ," ती म्हणाली. तोंडातून निघून गेलं. पितळेचेच मागवले होते ना. "पितळेचा छोटा भोंगा. एवढासा."

"धातू? मग सोपं आहे. फोटो काढू."

भोपळीने एक्स-रेची खोली डोक्यावर घेतली. चौघांनी मिळून तिला धरलं. डॉक्टरांनी नळी लावून छाती ऐकायचा प्रयत्न केला, पण रडण्यापलीकडे त्यांना काही ऐकू आलं नसावं. थोड्या वेळाने ते फोटो काचेवर लावून म्हणाले, "हे बघा. गळा मोकळा, छाती मोकळी, पोट मोकळं. पितळ असतं तर इथे दिव्यासारखं दिसलं असतं. आणि एवढ्या जोरात रडतेय, म्हणजे श्वासही भरपूर आहे. घरी जा. खोकला वाढला तर या."

तिघांनीही सुटकेचा श्वास सोडला. परत येताना नवरा गाडीत गुणगुणत होता. सासूबाईंनी भोपळीला मांडीवर घेऊन तिला सगळ्या वाहनांची नावं सांगितली आणि प्रत्येक नावापुढे "खायचं नाही" असं जोडलं. घरी पोचल्यावर नवऱ्याने हात धुतले, चहा घेतला आणि इस्त्रीच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहिला. चौकटीचं माप हाताच्या वितींनी घेतलं.

"इथे एक अर्धं दार बसवतो. हिच्या डोक्याच्या वर जाईल एवढं. लिफ्टच्या दाराला असतो तसला खटका लावतो, म्हणजे आपोआप बंद होईल. तू विसरलीस तरी."

"म्हणजे?"

"म्हणजे ठेव तुझं टेबल." तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "आज तुझं तोंड बघितलं मी तिथे. पुन्हा असं होणार नाही, हे मला कळलं."

महिनाभर ज्यासाठी भांडली ते हातात आलं होतं. तिला आनंद व्हायला हवा होता. ती "बरं" म्हणाली आणि उगाचच कपाटातले टॉवेल पुन्हा घडी करायला लागली.

 टॉवेल झाले, मग तिने भोपळीला केळं कुस्करून भरवलं. भोपळीने अर्धं खाल्लं आणि मध्येच एकदा खोकली. बारीकच. सासूबाई म्हणाल्या, "रडून घसा बसलाय." खरंच असेल. भोपळी तिच्या खांद्यावर झोपली, तशी ती तिला घेऊन घरभर फिरत राहिली. बैठकीपासून मोरीपर्यंत, मोरीपासून बैठकीपर्यंत. दर फेरीला इस्त्रीच्या खोलीपाशी पाय अडखळायचे. एक गोष्ट तिला सारखी टोचत होती आणि ती कोणती हे कळत नव्हतं. शर्टाच्या आत राहिलेल्या टाचणीसारखी. सापडत नाही, पण हललं की लागते.

शेवटी तिने भोपळीला पाळण्यात ठेवलं आणि टेबल आवरायला घेतलं. प्रदर्शनाला तीन भोंगेच लावून जायचं का, असा विचारही एकदा येऊन गेला. त्याची तिला लाज वाटली. पट्टीवरचा एक भोंगा चिमट्याने सोडवला आणि नटबोल्टांच्या स्टीलच्या वाटीत टाकला.

टण्.

ती थांबली. दुसरा सोडवला. टाकला.

टण्.

 तिसरा भोंगा तिने वाटीच्या वर धरला आणि सोडायचं धाडस होईना. सोडला.

टण्.

तिन्ही पितळेचे. खोटा होता तो चौथा. जो भोपळीच्या हाती लागला तो प्लास्टिकचा होता, आणि प्लास्टिक फोटोत दिसत नाही. डॉक्टरांनी विचारलं होतं. नीट, एकेक नाव घेऊन विचारलं होतं. आणि तिने काय सांगितलं होतं?

खुर्ची मागे होती तरी ती खाली जमिनीवर बसली. मग मनाने पळवाटा शोधायला सुरुवात केली. फोटोत दिसला नाही म्हणजे भोपळीच्या पोटातच आहे असं कुठे आहे? मोजा सैल बसला असेल. तुकडा मशीनच्या पिशवीत गेला असेल. तिने पिशवी काढली, वर्तमानपत्रावर ओतली आणि धूळ बोटांनी चाळली. केस, धागे, दाढीच्या ब्रशचं एक टोपण. भोंगा नाही. बरं, गिळला असेल तर पोटातून जाईल, उद्या-परवा. आता पुन्हा सांगायचं म्हणजे राईचा पर्वत केल्यासारखं होईल. नवरा आत्ता कुठे आडवा झालाय. त्याने आत्ता कुठे टेबल ठेव म्हटलंय.

हा शेवटचा विचार मनात उमटला आणि ती ताडकन उठली. त्या विचाराचीच तिला भीती वाटली.

सासूबाई स्वयंपाकघरात कणीक मळत होत्या. ती दारातच म्हणाली, "आई, तो प्लास्टिकचा होता."

"कोण?"

"भोंगा. जो हरवला तो. मी पितळ म्हणाले, पण पितळेचे तिन्ही आहेत. फोटोत तो दिसलाच नसता."

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं. रागावल्या नाहीत. हात धुतले, पुसले, आणि पाळण्यापाशी आल्या. एकतीस वर्षं त्या टेलिफोन खात्यात होत्या. कानाला यंत्र लावून शेकडो लोकांचे कॉल जोडून द्यायच्या. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी घरात कुणी कुजबुजलं की त्या दुसऱ्या खोलीतून उत्तर द्यायच्या. त्यांनी झोपलेल्या भोपळीला अलगद कुशीवर केलं, झबलं वर सरकवलं आणि उघड्या पाठीला कान लावला. आधी डावीकडे, मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे. ती श्वास रोखून उभी होती.

"पंखा बंद कर," सासूबाई म्हणाल्या.

तिने केला.

"डावीकडून श्वास खळखळून येतोय. उजवीकडे..." त्यांनी डोळे मिटले. "उजवीकडे लाइनवर आणखी कुणीतरी आहे गं. बारीक शिट्टी येतेय. आत जाताना नाही, बाहेर येताना."

तिने कान लावला. आधी स्वतःच्याच काळजाची धडधड. मग ते ऐकू आलं. पोकळ नळीतून वारा गेल्यावर जसं वाजतं तसं.

"त्याला उठव," सासूबाई म्हणाल्या. "मी पिशवी भरते. हिला आता काही खायला-प्यायला देऊ नकोस."

नवरा डोळे चोळत उठला. तिने सांगितलं. त्याला कळायला एक क्षण लागला, आणि मग तो जे म्हणाला ते ओरडून म्हणाला असता तर बरं झालं असतं.

"तूच केलास ना तो? मग तुला कसा नाही ओळखता आला?"

"मीच केला," ती म्हणाली. "म्हणूनच नाही आला."

गाडीत बसताना तिने दोन गोष्टी घेतल्या. वाटीतला एक पितळेचा भोंगा, आणि किटबरोबर आलेला माहितीचा मोठा कागद, ज्यावर प्रत्येक तुकड्याचं चित्र क्रमांकासह असतं. का घेतल्या ते तिला सांगता आलं नसतं. रिकाम्या हातांनी जाववेना, एवढंच.

तरुण डॉक्टर घरी जायला निघालेच होते. तिने त्यांना व्हरांड्यात गाठलं.

"मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. पितळ नव्हतं, प्लास्टिक होतं. मीच त्याला असा रंग दिलाय की ओळखू येत नाही. आणि उजवीकडून शिट्टी येतेय."

त्यांनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. या वेळी भोपळी शांत होती, आणि त्यांनी बराच वेळ ऐकलं. मग कुणाला तरी फोन केला. पंधरा मिनिटांत एक उंच, पांढऱ्या केसांच्या डॉक्टरबाई आल्या. घशातून दुर्बीण घालून श्वासनळीतल्या वस्तू काढायचं काम त्याच करतात, असं नर्सने सांगितलं. बाईंनी भोपळीला ऐकलं, फोटो बघितला आणि नवऱ्याकडे वळून विचारलं, "वस्तूचा आकार कसा?"

"ते हिला विचारा," तो म्हणाला.

तिने कागद टेबलावर पसरला. डी-सतरा. "हा. पण कागदावर मोठा दाखवलाय. खरा एवढा." तिने पितळेचा भोंगा बाईंच्या तळहातावर ठेवला. "अगदी हाच आकार. आरपार पोकळ आहे."

"म्हणून श्वास चाललाय," बाई स्वतःशी म्हणाल्या. "आरपार वारा जातोय. हलला आणि आडवा झाला, तर मात्र..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "किती पक्का आहे? चिमट्याने ओठाला धरला तर?"

"नाही!" ती इतक्या जोरात म्हणाली की नर्सने वळून बघितलं. "ओठाला धरू नका. पितळेसारखा दिसावा म्हणून मी तो आतून घासून पातळ केलाय. कागदासारखा. दाबलात तर फुटेल आणि तुकडे खाली जातील. मी स्वतः तो कधी ओठाला धरत नाही."

"मग कसा धरता?"

तिने खिशातून चिमटा काढला. खिशात चिमटा होता, हेही तिला तेव्हाच कळलं. पितळेचा भोंगा टेबलावर उभा केला, मिटलेला चिमटा त्याच्या पोकळीत घातला आणि बोटं सैल केली. चिमट्याची टोकं आतल्या आत फाकली. तिने हात उचलला, तसा भोंगा सरळ वर आला.

"आतून," ती म्हणाली. "दाबायचं नाही. उघडायचं. रंग ओला असताना बाहेरून हात लावता येत नाही ना, म्हणून आम्ही असंच उचलतो."

डॉक्टरबाईंनी तिच्या हातातून चिमटा घेतला, दोनदा करून बघितलं आणि नर्सला म्हणाल्या, "आपल्याकडे उलटा उघडणारा आहे का? बारीक? आणि एक रबरी नळी आणा." मग त्यांनी रबरी नळीत तो पितळेचा भोंगा ढकलला आणि लांब दांडीच्या हत्याराने तो बाहेर काढला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा तो घसरला. चौथ्यांदा, पाचव्यांदा आला. ती शेजारी उभी राहून बघत होती आणि नकळत तिची बोटं बाईंच्या बोटांबरोबर हलत होती.

"पसरट बाजू वर असेल की खाली?"

"ते मला नाही सांगता येणार," ती म्हणाली. "सांगता आलं असतं तर..."

"ठीक आहे. आत गेल्यावर बघू." बाईंनी तिच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. "दुपारीच आला होता ना तुम्ही? परत आलात हे बरं केलंत. लोक येत नाहीत."

सही नवऱ्याने केली. भोपळी नर्सच्या कडेवर बसून आत गेली आणि जाता जाता तिने नर्सच्या टोपीला हात घातला. दार बंद झालं.

बाहेर एका रांगेत खुर्च्या होत्या. सासूबाई मधल्या खुर्चीवर बसल्या, ताठ, डोळे मिटून. ती बसली, उठली, पुन्हा बसली. खिडकीपर्यंत गेली. खाली एक माणूस सायकलला हवा भरत होता. भरायचा, चाक दाबून बघायचा, पुन्हा भरायचा. तिला वाटलं, ओरडून सांगावं त्याला, पुरे आता. दाराला कान लावावा तर नर्स म्हणाली होती तिथे उभं राहू नका.

"ते टेबल," नवरा म्हणाला.

"आत्ता नको."

"अगं, मी काही..."

"मला माहितेय. आत्ता नको."

 थोड्या वेळाने त्याने तिचा हात हातात घेतला. त्याच्या नखांत अजून ग्रीस होतं. तिच्या नखांत धातूची पूड. दोघांनीही ते बघितलं.

पाऊण तास झाला. तिने घड्याळ बघितलं नव्हतं, पण पाऊण तास तिच्या अंगात मुरलेला होता, किती वेळात किती काम होतं ते तिला न बघता कळायचं. आणखी दहा मिनिटं गेली. मग आतून एक आवाज आला. रडणं म्हणावं असंही नाही, घोगरं, चिडलेलं, फाटक्या कागदासारखं.

सासूबाईंनी डोळे उघडले. "आपलीच," त्या म्हणाल्या.

डॉक्टरबाई टोपी काढत बाहेर आल्या. कपाळावर टोपीची लाल रेघ उमटली होती. "निघाला. अख्खा. पसरट बाजू वर होती, म्हणजे चिमट्यात आधी ओठच आला असता. बाहेरून धरला असता तर फुटला असता नक्की." त्यांनी श्वास घेतला. "दोन तास काही देऊ नका. रात्रभर इथेच ठेवू. घसा दोन दिवस बसलेला राहील. मग भोकाड पसरेल पूर्वीसारखं."

नवरा भिंतीला टेकला. सासूबाईंनी पदराने नाक पुसलं आणि डॉक्टरबाईंना विचारलं, "चहा तरी घेतलात का हो तुम्ही?"

बाईंच्या हातात झाकणाची एक लहान बाटली होती. आत भोंगा. त्या बाटली दिव्यासमोर धरून फिरवत होत्या. "मला अजून पटत नाही हे धातूचं नाही म्हणून. श्वासनळीत पाच तास राहिलाय आणि रंगाला साधा ओरखडा नाही. कशाने रंगवता हो?"

हा प्रश्न तिला प्रदर्शनात कुणी विचारला असता तर ती अर्धा तास बोलली असती. आता ती बंद दाराकडे बघत राहिली.

"आमच्याकडे एक कपाट आहे," बाई म्हणाल्या. "आम्ही काढलेल्या वस्तू ठेवतो त्यात. नाणी, बिया, शेंगदाणे, एकदा तर कुणाच्या तरी आजोबांचा दात. नवीन डॉक्टरांना दाखवायला. तुम्हाला परत हवा असेल तर देते."

"नको," ती म्हणाली. "ठेवा."

"मग चिठ्ठी लिहावी लागेल. वस्तू काय, कशाची." बाईंनी खिशातून चिकटणाऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. "तुम्हीच लिहिता? मला स्पेलिंगही येणार नाही त्याचं."

तिने पेन घेतलं.  तिने "कार्बुरेटरचा भोंगा" असं लिहिलं, त्याखाली अक्षर फराटलं, शाई पसरली. तिने ती चिठ्ठी चुरगाळली आणि दुसरी घेतली. आतून भोपळीचं घोगरं रडणं वाढत होतं, नर्स दार उघडून "आई कोण? आई या" म्हणत होती, नवरा तिचं कोपर धरून "चल ना" म्हणत होता.

"एक मिनिट," ती म्हणाली. पेन घट्ट धरलं आणि आधी सगळ्यात मोठ्या अक्षरांत एकच शब्द लिहिला: प्लास्टिक. त्याखाली दोन रेघा मारल्या. बाकीचं बाईंना लिहू दे म्हणून पेन त्यांच्या हातात कोंबलं आणि उघड्या दारातून ती धावत आत गेली.